गेम कंट्रोलर चांगला कशामुळे ठरतो आणि वाईट कशामुळे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंट्रोलर विकत घेताना बहुतेकांचे लक्ष वैशिष्ट्यांच्या यादीकडे जाते: बटणे किती, कंपन कसले, बॅटरी किती तासांची. इथली उत्तरे दुसऱ्या बाजूने लिहिली आहेत. कंट्रोलर हातात धरल्यावर दहापैकी चारच बोटे खेळतात, दोन अंगठे आणि दोन तर्जन्या. उरलेल्या सहा बोटांच्या वाट्याला तो नुसता धरून ठेवण्याचे काम येते. या चार बोटांमध्ये कामाची वाटणी कशी केली आहे यावरच रचनेचे बरेवाईटपण ठरते, असे माझे ठाम मत आहे आणि पुढची बहुतेक उत्तरे त्याच्याच आधाराने दिली आहेत.

कंट्रोलर चांगला आहे हे ठरवण्याची पहिली कसोटी कोणती?

तो न बघता वापरता आला पाहिजे. खेळणाऱ्याचे डोळे पडद्यावर असतात, त्यामुळे बोटाला बटण सापडणे, सापडलेले बटण कोणते हे कळणे आणि ते दाबले गेल्याची खात्री पटणे या तिन्ही गोष्टी निव्वळ स्पर्शाने व्हाव्या लागतात. २००१ साली आलेल्या निन्टेंडो गेमक्यूबच्या कंट्रोलरमध्ये याचा फार बारकाईने विचार केलेला दिसतो. मधोमध मोठे, गोल, हिरवे 'ए' बटण आहे. त्याच्या डावीकडे खाली छोटे लाल 'बी' आहे. आणि 'एक्स' व 'वाय' ही दोन लांबट बटणे घेवड्याच्या दाण्यासारखी वळून 'ए'ला बिलगलेली आहेत. अंगठा 'ए'वर टेकलेला असतो आणि तिथून तो न उचलता, नुसता कलंडवून, बाकीच्या तिन्ही बटणांपर्यंत पोहोचतो. आकार वेगळे असल्यामुळे नवख्या माणसालाही थोड्याच वेळात खाली बघण्याची गरज उरत नाही. (याच कंट्रोलरचा डी-पॅड, म्हणजे दिशा देण्याची फुली, मात्र अंगठ्याच्या मानाने फारच लहान आहे, एका गोष्टीत उत्तम असलेला कंट्रोलर सर्वच बाबतींत उत्तम असतो असे नाही.)

दुसऱ्या टोकाला १९९३ सालचा अटारी जॅग्वार आहे. त्याच्या कंट्रोलरच्या खालच्या भागात बारा कळांची अंकपाटी होती आणि काही गेमसोबत तिच्यावर बसवायचे छापील प्लास्टिकचे आवरण मिळत असे, कारण त्याशिवाय कोणती कळ कशासाठी हे लक्षात ठेवणे अवघड होते. ज्या कंट्रोलरसोबत वाचायला कागद द्यावा लागतो, त्याने डोळ्यांना पडद्यावरून खाली यायला भाग पाडले आहे हे उघड आहे.

डी-पॅड म्हणजे साधी फुलीच तर असते. तिच्यात चांगले-वाईट काय असणार?

पुष्कळ असते. ही फुली निन्टेंडोचे गुनपेई योकोई यांची देणगी. १९८२ साली 'डाँकी काँग'च्या खिशात मावणाऱ्या गेम अँड वॉच यंत्रावर ती प्रथम आली आणि १९८३ साली फॅमिकॉम या निन्टेंडोच्या टीव्हीला जोडायच्या कन्सोलच्या कंट्रोलरवर गेली. त्याआधी दिशा देण्यासाठी मुख्यतः उभी दांडी असे, जी घडी घालून मिटणाऱ्या चपट्या यंत्रावर बसणे शक्यच नव्हते.

फुली हा एकच अखंड तुकडा असतो. मध्यभागी खालून तिला टेकू असतो आणि चारही हातांखाली रबराचे चार उंचवटे असतात, ज्यांच्या आत काळी, वीज वाहून नेणारी चकती असते. उजवा हात दाबला की तुकडा टेकूवर कलतो आणि डावा हात आपोआप वर उचलला जातो, त्यामुळे उजवी आणि डावी दिशा एकाच वेळी जाण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय फुलीच्या कडा आणि मधला किंचित खोलगट भाग यांमुळे आपण कुठे आहोत हे अंगठ्याला सतत कळत राहते.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' ज्या टीव्ही गेमवर खेळले गेले, ते बहुतांशी याच फॅमिकॉमच्या नकला होत्या आणि त्यांच्या पॅडवर हीच रचना स्वस्तात उतरवलेली होती. ज्यांनी तो पॅड कधी उघडला असेल त्यांना आतले दृश्य आठवत असेल: मागचे स्क्रू काढले की वरचे झाकण निघते, बटणे मोकळी होऊन हातात येतात, खाली रबराचा तुकडा आणि त्याखाली सर्किट बोर्डवर काळ्या कार्बनच्या खुणा. पॅड नीट चालेनासा झाला की दोष बहुधा त्या काळ्या चकत्यांवर साचलेल्या मळाचा असे आणि स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसल्यावर तो पुष्कळदा पुन्हा चालू लागे. त्या स्वस्त पॅडची ही बाजू मला आजही मोलाची वाटते: बिघाड कुठे आहे हे घरच्या माणसाला दिसत होते आणि दुरुस्तही करता येत होते.

फुली बिघडवता कशी येते, याचे ठळक उदाहरण म्हणजे २००५ सालच्या एक्सबॉक्स ३६० चा कंट्रोलर. बाकी सर्व बाबतींत तो उत्कृष्ट होता, पण त्याचा डी-पॅड गोल तबकडीवर बसवला होता. अंगठा उजवीकडे दाबताना जरा जरी वर सरकला तरी तबकडी तिरपी होऊन वरची दिशाही लागत असे. गाडी चालवताना याने काही बिघडत नाही. मात्र मारामारीच्या गेममध्ये, किंवा ठोकळे रचण्याच्या गेममध्ये ठोकळा सरकवायचा असताना तो भलतीकडे आदळला की खेळणारा वैतागतो. २०१० साली मायक्रोसॉफ्टने डी-पॅड फिरवून फुली वर उचलता येईल अशी आवृत्ती काढली आणि २०१३ च्या एक्सबॉक्स वनमध्ये सरळ फुलीकडे परतणे पसंत केले.

दोन्ही बाजूंना मुठी असलेला आकार कशासाठी? जुने चौकोनी कंट्रोलरही चालत होतेच ना?

चालत होते, कारण त्यांच्यावर दोन-चारच बटणे होती. तरीही तासभर खेळल्यावर चौकोनाचे कोपरे तळहातात रुतत. तर्जन्यांना काम मिळाले, म्हणजे १९९० च्या सुपर फॅमिकॉमवर खांद्याची, म्हणजे वरच्या कडेची, 'एल' आणि 'आर' बटणे आली, तेव्हा धरण्याचा भार मधल्या बोटापासून करंगळीपर्यंतच्या तीन बोटांवर गेला. त्या तिघांना पकडायला काही तरी हवे, म्हणून १९९४ च्या प्लेस्टेशनवर मुठी आल्या.

१९९६ च्या निन्टेंडो ६४ चा कंट्रोलर या विचारात एक पाऊल चुकला. त्याला तीन मुठी होत्या आणि हात मात्र दोनच. स्टिक (अंगठ्याने ढकलायची छोटी दांडी) मधल्या मुठीवर आणि डी-पॅड डाव्या मुठीवर असल्यामुळे, एका गेममध्ये दोन्ही वापरायचे तर डावा हात सोडून दुसरीकडे न्यावा लागे. कारण समजण्यासारखे आहे: स्टिक नवी होती, गेम बनवणारे तिला स्वीकारतील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून दोन्ही सोयी ठेवल्या गेल्या. पण निर्णय पुढे ढकलण्याची किंमत प्रत्येक खेळणाऱ्याच्या डाव्या हाताने चुकवली.

त्याच स्टिकची आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. 'मारिओ पार्टी'मधल्या काही खेळांत स्टिक शक्य तितक्या वेगाने गोल फिरवायची असे. मुले ती अंगठ्याऐवजी तळहाताने फिरवू लागली आणि कडक टोकामुळे हाताला फोड आले. अखेर २००० साली न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलशी झालेल्या समझोत्यानुसार निन्टेंडोने अमेरिकेत मोफत हातमोजे देऊ केले. रचनाकाराने ज्या बोटासाठी वस्तू बनवली, त्याच बोटाने ती वापरली जाईल असे गृहीत धरता येत नाही.

मोठा कंट्रोलर चांगला की लहान?

हातावर अवलंबून आहे, पण दोन्हीकडच्या मर्यादा स्पष्ट आहेत. २००१ साली पहिल्या एक्सबॉक्ससोबत आलेला, 'ड्यूक' या नावाने ओळखला जाणारा कंट्रोलर इतका मोठा होता की जपानसाठी वेगळा, लहान 'कंट्रोलर एस' करावा लागला आणि पुढे त्यानेच सगळीकडे ड्यूकची जागा घेतली. ड्यूकचा आकार हाताच्या मापावरून ठरलेला नव्हता. आतले सर्किट बोर्ड मोठे होते आणि खोळ त्यांच्या मापाने शिवावी लागली. मोठ्या पंजाच्या काही खेळाडूंना तो आजही आवडतो, हेही खरे.

लहानाची मर्यादा निन्टेंडो स्विचच्या सुट्या जॉय-कॉनमध्ये दिसते. एकच जॉय-कॉन आडवा धरून खेळता येतो ही दोघांसाठी मोठी सोय आहे, परंतु प्रौढ माणसाची बोटे त्यावर आखडून बसतात. लहान मुलांच्या हाताला तो बरोबर बसतो, म्हणून घरात पाच-सहा वर्षांचे मूल असेल तर हा दोष न राहता गुण होतो.

दोन्ही स्टिक समोरासमोर असाव्यात, की एक वर आणि एक खाली?

प्लेस्टेशनवर दोन्ही खाली, समोरासमोर आहेत. एक्सबॉक्सवर डावी वर आणि उजवी खाली आहे. अंगठा मोकळा सोडला की तो जिथे नैसर्गिकपणे टेकतो, तिथे सर्वांत जास्त वापराची गोष्ट असावी हे सूत्र धरले, तर आजच्या त्रिमितीय गेमसाठी डावी स्टिक वर असणे मला योग्य वाटते. प्लेस्टेशनची मांडणी वेगळी आहे याचे कारण इतिहासात आहे: मूळ कंट्रोलरवर डी-पॅडच होता आणि स्टिक १९९७ साली उरलेल्या जागेत खाली आल्या. तरीही डी-पॅडवर खेळण्याच्या द्विमितीय गेमसाठी हीच मांडणी अधिक सोयीची पडते. सवयीने दोन्ही जमतात. यावरून वाद घालण्यापेक्षा स्टिकचा ताण आणि टोकाची पकड बघणे अधिक महत्त्वाचे.

स्टिकला हात न लावताही पात्र आपोआप चालू लागते. हा 'ड्रिफ्ट' कशामुळे होतो?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

नेहमीच्या स्टिकखाली दोन पोटेन्शिओमीटर काटकोनात बसवलेले असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. प्रत्येकात कार्बनची एक पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची बारीक जीभ घासत जाते. जीभ कुठे आहे त्यानुसार व्होल्टेज बदलते आणि कंट्रोलर त्याचा आकडा करतो. तो आकडा ० ते २५५ असा धरला, तर स्टिक मोकळी असताना तो १२८ च्या आसपास हवा. खेळताना सर्वांत जास्त घासाघीस मधल्या भागातच होते, कारण प्रत्येक हालचाल तिथून सुरू होऊन तिथेच संपते. कालांतराने कार्बन झिजतो, त्याची भुकटी जिभेखाली अडकते, स्टिक मध्यावर आणणारी स्प्रिंगही सैल होते आणि मोकळ्या स्टिकचा आकडा १४० दाखवू लागतो. गेमच्या दृष्टीने तुम्ही स्टिक हलकेच उजवीकडे ढकलत आहात.

गेममध्ये 'डेडझोन' वाढवला, म्हणजे मध्याजवळच्या हालचालीकडे दुर्लक्ष करायला सांगितले, की तात्पुरते भागते. मात्र त्याबरोबर हलके, नाजूक नेम धरण्याची क्षमताही जाते. संपर्क-स्वच्छक (कॉन्टॅक्ट क्लीनर) फवारल्याने काही काळ फरक पडतो, पण झिजलेला कार्बन परत येत नाही. कायमचा उपाय म्हणजे स्टिकचा भाग बदलणे, आणि त्यासाठी बहुतेक कंट्रोलरमध्ये चौदाएक टाके उकलून पुन्हा डाग द्यावा लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात हे काम करणारे कारागीर शोधल्यास सापडतात.

या प्रश्नाने सर्वांत मोठे रूप घेतले ते २०१७ मध्ये आलेल्या जॉय-कॉनबाबत. २०१९ साली अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला आणि २०२० च्या जूनमध्ये निन्टेंडोचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

खेदाची बाब अशी की यावरचा उपाय जुना आहे. सेगाने १९९६ च्या सॅटर्नच्या त्रिमितीय कंट्रोलरमध्ये आणि १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये हॉल इफेक्ट सेन्सर वापरले होते. यात स्टिकसोबत चुंबक हलतो आणि सेन्सर दुरूनच चुंबकीय क्षेत्रातला बदल मोजतो. काहीच कशावर घासत नाही, म्हणून कार्बन झिजण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आज गुलिकिट आणि एटबिटडू यांसारख्या कंपन्या बऱ्याच कमी किमतीच्या कंट्रोलरमध्ये अशा स्टिक देतात. स्प्रिंग मात्र याही स्टिकमध्ये असते आणि ती सैल होऊ शकते, त्यामुळे 'कधीच बिघडणार नाही' या जाहिरातीवर विसंबू नये.

ट्रिगर कसा असावा?

गाडीच्या गेममध्ये तर्जनीने वेग कमी-जास्त करता येण्यासाठी लांब, हळूहळू दबणारा ट्रिगर हवा. नेमबाजीत मात्र तोच लांब प्रवास उशीर करतो. गेमक्यूबने दाबाच्या शेवटी एक वेगळी 'टिक' ठेवून दोन्ही साधले होते. हल्ली काही कंट्रोलरच्या मागे छोटी कळ असते, जिने प्रवास कमी करता येतो. २०२० च्या ड्युअलसेन्समध्ये, म्हणजे प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरमध्ये, ट्रिगरमागे मोटर आणि दातेरी चाके बसवून विरोध बदलता येतो; धनुष्याची दोरी ताणल्याचा भास खरोखर सुंदर होतो. बोटांना लवकर थकवा येत असेल त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करावा.

मागच्या बाजूला बटणे कशासाठी? ती हौसेची गोष्ट नाही का?

नाही. उजव्या अंगठ्याकडे दोन कामे आहेत: उजव्या स्टिकने नेम धरणे आणि समोरची चार बटणे दाबणे. उडी मारण्यासाठी अंगठा बटणावर गेला की तेवढा वेळ नेम सुटतो. ही आजच्या सर्व मुख्य कंट्रोलरमधली मूळ अडचण आहे आणि कितीही चांगली बटणे दिली तरी ती सुटत नाही. स्पर्धेत खेळणारे काही जण तर्जनी वाकवून समोरच्या बटणांवर आणतात. अशी पकड फार वेळ ठेवल्यास मनगट दुखते. मागची बटणे हे काम मधल्या बोटाला आणि अनामिकेला देतात, जी एरवी नुसती धरून असतात. २०१५ च्या एक्सबॉक्स एलिटने ही सोय रूढ केली. ती आता स्वस्त कंट्रोलरवरही मिळते आणि नवा कंट्रोलर घेताना कंपन किंवा रंगीत दिव्यांपेक्षा तिलाच मी प्राधान्य देईन.

फोनच्या पडद्यावर खेळताना बटणे चुकतात. सरावाने सुधारेल का?

थोडे सुधारेल. महाराष्ट्रात बहुतांश मुले-मुली फोनवरच खेळतात आणि बीजीएमआय या नेमबाजीच्या गेममध्ये चार बोटांचा 'क्लॉ' (अंगठ्यांसोबत तर्जन्याही काचेवर आणण्याची पकड) सहज जमवणारे खेळाडू गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे काचेवर उत्तम खेळता येत नाही असे म्हणता येणार नाही. मात्र काचेला कडा नाहीत. अंगठा सरकत जातो आणि तो सरकला हे बोटाला कळत नाही, चुकल्यावरच समजते. म्हणून बटणे मोठी करणे, ती आपल्या अंगठ्याच्या नैसर्गिक वळणावर आणून ठेवणे आणि बारीक नेमासाठी जायरो (फोन कलवून नेम धरण्याची सोय) चालू करणे हे तीन बदल निव्वळ सरावापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

एका हाताने किंवा कमी ताकदीने खेळणाऱ्यांसाठी काय उपलब्ध आहे?

मायक्रोसॉफ्टने २०१८ साली एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला. त्यावर तळहाताने दाबता येतील अशी दोन मोठी बटणे आहेत; पण त्याचे खरे सामर्थ्य मागच्या कडेला आहे, जिथे ३.५ मिमीचे १९ जॅक ओळीने दिले आहेत. पायाने दाबायचे पेडल, हनुवटीने ढकलायची स्टिक, फुंकरीने चालणारा स्विच, ज्याला जे जमते ते तिथे जोडता येते आणि कोणता स्विच कोणत्या बटणाचे काम करील हे ठरवता येते. एका हाताने उघडता यावे म्हणून त्याच्या खोक्याचीही वेगळी रचना केली होती. सोनीने २०२३ च्या अखेरीस ॲक्सेस नावाचा गोल कंट्रोलर काढला, ज्याच्या बटणांवरच्या टोप्या बदलता येतात.

रचनेच्या दृष्टीने मला एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर ही अलीकडच्या काळातील सर्वांत महत्त्वाची वस्तू वाटते, कारण दोन अंगठे आणि दोन तर्जन्या हे गृहीतकच तिने बाजूला ठेवले. साधा कंट्रोलर असेल तरीही बटणांची अदलाबदल करण्याची सोय आता मुख्य कन्सोलवर सेटिंगमध्ये असते, आणि हात दुखावलेल्या किंवा वयस्कर माणसाला ती फार उपयोगी पडते.

वायरलेस कंट्रोलरने उशीर होतो का?

चांगल्या कंट्रोलरमध्ये जाणवण्याइतका नाही. २००२ च्या निन्टेंडो वेव्हबर्डने रेडिओलहरींवर चालणारा कंट्रोलर भरवशाचा असू शकतो हे दाखवून दिले. आज पुष्कळदा जाणवणारा उशीर टीव्हीचा असतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू केल्यावर फरक लगेच लक्षात येतो. संगणकावर ब्लूटूथपेक्षा सोबत येणारा यूएसबी डाँगल सहसा बरा चालतो.

दुकानात किंवा जुना कंट्रोलर घेताना काय तपासावे?

आधी तो हातात घ्या, डोळे मिटा आणि प्रत्येक बटणावर बोट नेऊन बघा. एखादे शोधावे लागत असेल तर ते पुढेही शोधावेच लागेल. खांद्याची बटणे दाबताना पकड बदलावी लागते का, हे बघा. मग कंट्रोलर फोनला किंवा संगणकाला जोडून ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कंट्रोलर-चाचणीवर स्टिकचे आकडे पाहा. स्टिक चारही दिशांना एकेकदा शेवटपर्यंत ढकलून एकदम सोडा: प्रत्येक वेळी आकडा शून्याच्या जवळ (या चाचणीत मध्य १२८ ऐवजी शून्य धरतात), साधारण त्याच जागी परत यायला हवा. डावीकडून सोडल्यावर एक आकडा आणि उजवीकडून सोडल्यावर बराच वेगळा येत असेल, तर बहुधा स्प्रिंग सैल झाली आहे. स्टिक सावकाश गोल फिरवताना आकडा मध्येच उडी मारत असेल, तर कार्बन झिजल्याची शक्यता जास्त. अशा वेळी स्टिक बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच सौदा करावा.